'इंडिया गेट'मधला 'इंडिया': विशेषणाच्या जागेवर बसलेलं नाम

मुंबईत अपोलो बंदरावर 'गेटवे ऑफ इंडिया' आहे, दिल्लीत 'इंडिया गेट'. मुंबईची कमान १९११ साली पंचम जॉर्ज तिथे उतरला त्याची आठवण म्हणून बांधली गेली आणि १९२४ मध्ये खुली झाली. दिल्लीची कमान म्हणजे सैनिकांचं स्मारक, १९३१ मधलं. दोन्ही नावांत 'इंडिया' आहे. पण मुंबईच्या नावात तो 'ऑफ'ला धरून मागे उभा राहतो आणि दिल्लीच्या नावात सरळ पुढच्या जागेवर येऊन बसतो. 'इंडियन गेट' नाही, 'इंडियाज गेट' नाही. शब्दाला कसलाही प्रत्यय न लागता नुसतं 'इंडिया गेट'. या स्मारकाचं मूळ नाव तर आणखी लांब होतं: 'ऑल इंडिया वॉर मेमोरियल'. त्यात 'इंडिया' नाम, 'वॉर' नाम, 'मेमोरियल' नाम, आणि तरीही तीन वेगवेगळ्या गोष्टी न होता एकच गोष्ट तयार झाली.

दुसऱ्या नामाच्या पुढे बसून त्याच्याविषयी काहीतरी सांगणाऱ्या अशा नामाला इंग्रजी व्याकरणात 'ॲट्रिब्युटिव्ह नाउन' किंवा 'नाउन ॲडजंक्ट' म्हणतात. नाव जड आहे, गोष्ट रोजची आहे. 'स्कूल बस', 'चिकन सूप', 'गॅस सिलिंडर', 'रेशन कार्ड', 'टूथब्रश', 'चेकबुक' हे शब्द इंग्रजी न शिकलेली माणसंही दिवसभर वापरतात. शाळेत मात्र या विषयाच्या वाट्याला बहुतेक वेळा एकच ओळ येते: 'इंग्रजीत नाम कधी कधी विशेषणासारखं वापरतात.' तेवढ्यावर धडा पुढे सरकतो. मग मुलं 'टेन रुपीज नोट' लिहितात, 'शूज शॉप' लिहितात, 'म्युझिकल टीचर' लिहितात, आणि प्रत्येक चूक सुटी सुटी पाठ करून टाळायला शिकतात. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण या सगळ्या चुकांचं मूळ एकच आहे आणि ते समजून घेण्याचं साधन मराठी माध्यमातल्या मुलाला शाळेतच मिळालेलं असतं. त्याकडे येतोच, पण आधी एक गैरसमज दूर करू.

विशेषणाच्या जागेवर बसलं म्हणून नाम विशेषण होत नाही. मराठीत हा गोंधळ फारसा होत नाही, कारण आपली कितीतरी विशेषणं नामाप्रमाणे बदलतात: मोठा वाडा, मोठी गाडी, मोठं घर. जी बदलत नाहीत तीसुद्धा बहुतेकदा आपली खूण दाखवतात: दगडी भिंत, लाकडी पाट, सुती साडी. दगड हे नाम, दगडी हे विशेषण, आणि शेवटचा 'ई' सगळं सांगून जातो. जुन्या इंग्रजीतही विशेषणांना लिंग, वचन, विभक्तीप्रमाणे प्रत्यय लागत असत. मध्ययुग सरता सरता ते झडून गेले. दगडासाठी असलेलं वेगळं विशेषणही मागे पडलं. आज इंग्रजीत दगडी भिंत म्हणजे 'स्टोन वॉल', सुती शर्ट म्हणजे 'कॉटन शर्ट', लोखंडी फाटक म्हणजे 'आयर्न गेट'. 'बिग वॉल'मधला 'बिग' आणि 'स्टोन वॉल'मधला 'स्टोन' वरून अगदी सारखे दिसतात.

फरक कळण्यासाठी शब्दाला थोडं हलवून बघावं लागतं. 'व्हेरी बिग बस' म्हणता येतं, 'व्हेरी स्कूल बस' म्हणता येत नाही. एक बस दुसरीपेक्षा 'बिगर' असू शकते, दुसरीपेक्षा 'मोअर स्कूल' असू शकत नाही. 'द बस इज बिग' हे वाक्य झालं, 'द बस इज स्कूल' हे झालं नाही. म्हणजे 'स्कूल' आपली नामाची जात न सोडता विशेषणाच्या जागेवर बसलंय. पदार्थांची नावं यातल्या शेवटच्या कसोटीला थोडी चकवा देतात. 'द वॉल इज स्टोन' असं इंग्रज म्हणतो. पण 'व्हेरी स्टोन वॉल' तोही म्हणत नाही. काही शब्द मात्र आपल्या डोळ्यांदेखत जात बदलतायत. 'फन' हे मुळात नाम, गंमत. 'फन ट्रिप' म्हणता म्हणता लोक 'व्हेरी फन ट्रिप' म्हणायला लागले, आणि आता 'फन'ला विशेषण मानावंच लागतं. जुन्या वळणाच्या संपादकांना ते अजून खटकतं.

आता साधनाकडे येऊ. समासांच्या धड्यात एक मध्यमपदलोपी समास असतो. परीक्षेत दोन गुणांसाठी येतो आणि नंतर बहुतेक जण विसरतात. साखरभात म्हणजे काय? साखर घालून केलेला भात. पुरणपोळी म्हणजे पुरण घालून केलेली पोळी. घोडेस्वार म्हणजे घोड्यावर बसलेला स्वार. साखर आणि भात यांच्यातलं नातं सांगणारे शब्द, 'घालून केलेला', मधून गळून गेले. ऐकणाऱ्याला ते माहीत आहेत असं धरून भाषा पुढे गेली. 'घालून केलेली'चा नियम घोडेस्वाराला लावून चालत नाही, हेही आपल्याला कुणी सांगावं लागत नाही.

इंग्रजीतली ही नामांची जोडी नेमकी तशीच आहे. 'ऑलिव्ह ऑइल' म्हणजे ऑलिव्हपासून काढलेलं तेल. 'बेबी ऑइल' म्हणजे बाळाला लावायचं तेल. 'लॅम्प ऑइल' म्हणजे दिव्यात घालायचं तेल. तिन्ही शब्दांची बांधणी एकसारखी, मधलं गाळलेलं पद प्रत्येक ठिकाणी निराळं. 'ॲपल पाय'मध्ये सफरचंद आत असतं, 'ॲपल ट्री'ला सफरचंद लागतं. 'नाइट नर्स' रात्री काम करते, 'चाइल्ड नर्स' मुलांची शुश्रूषा करते. 'स्नो बूट' बर्फात घालायचे असतात, 'स्नो मॅन' बर्फाचाच केलेला असतो. इंग्रजीने या नात्यासाठी प्रत्यय ठेवलेलाच नाही. ते जगाच्या अनुभवातून भरून घ्यायचं असतं.

भाषाशास्त्रज्ञांनी ही गाळलेली पदं मोजण्याचा प्रयत्न केलाय. १९७८ मध्ये ज्युडिथ लेव्ही या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ बाईंनी नऊ नाती मांडली: कारण असणं, जवळ असणं, बनवणं, वापरणं, स्वतःच ती गोष्ट असणं, आणि मराठीतल्या -त, -साठी, -पासून, -विषयी या अर्थांची चार. बहुतेक जोड्या या नवांत बसतात, आणि अनोळखी जोडी समोर आली की ही नऊ डोक्यात फिरवून बघणं खरंच उपयोगी पडतं. 'टिअर गॅस'? अश्रूंना कारण होणारा वायू. 'स्टीम इंजिन'? वाफ वापरणारं. 'हिस्टरी बुक'? इतिहासाविषयी.

पण सगळं नवांत मावत नाही. त्याच्या वर्षभर आधी, १९७७ मध्ये, पामेला डाउनिंग यांनी एक उदाहरण नोंदवलं होतं, ते या विषयात आजही सगळीकडे दिलं जातं. घरी आलेल्या पाहुण्याला 'ॲपल-ज्यूस सीट'वर बसायला सांगितलं. म्हणजे कुठल्या खुर्चीवर? टेबलावर जिच्यासमोर सफरचंदाच्या रसाचा ग्लास मांडलाय त्या. असा शब्द कुठल्याही कोशात नाही, पुन्हा कुणी वापरणारही नाही, पण त्या क्षणी, त्या टेबलापाशी तो लख्ख कळला. गाळलेलं पद समोरच मांडलेलं होतं. आपणही असंच बोलतो. पंगतीत वाढणाऱ्याला 'ती ताकवाली पंगत आधी घे' असं सांगतो तेव्हा ताक आणि पंगत यांचं नातं फक्त त्या मांडवात उभ्या असलेल्यांनाच कळतं. फरक इतकाच, की आपण मध्ये 'वाली' घालतो आणि इंग्रजी तेवढंही घालत नाही.

जोडीचं डोकं, म्हणजे तिच्यातला मुख्य शब्द, नेहमी शेवटी असतं, हे मराठीसारखंच आहे, म्हणून त्यावर रेंगाळत नाही. दल सरोवरातली 'हाऊसबोट' ही बोट आहे, 'बोटहाऊस' हे घर आहे. 'रेसहॉर्स' घोडा आणि 'हॉर्स रेस' शर्यत. 'मिल्क चॉकलेट' खायचं आणि 'चॉकलेट मिल्क' प्यायचं. अनोळखी जोडी शेवटच्या शब्दापासून वाचायची, एवढं पाळलं तरी निम्मं काम होतं. आणि नामाची ही जागा डोक्याला अगदी चिकटून असते. खरी विशेषणं त्याच्या आधी येतात. 'रेड कॉटन शर्ट' बरोबर, 'कॉटन रेड शर्ट' चूक. 'बिग प्लास्टिक बकेट' बरोबर, उलटं केलं की इंग्रजी कानाला टोचतं.

खरी मजा आणि खरी अडचण वचनात आहे. टूथब्रशने आपण बत्तीसच्या बत्तीस दात घासतो, तरी तो 'टीथब्रश' नाही. दुकानात बुटांचे शेकडो जोड असले तरी ते 'शू शॉप'. पुस्तकांनी भरलेलं कपाट 'बुक शेल्फ'. पुढचं नाम इथे संख्या सांगायला आलेलं नसतंच, ते प्रकार सांगायला आलेलं असतं. कुठल्या प्रकारचं दुकान, एवढंच. म्हणून ते एकवचनात राहतं आणि अनेकवचनाचा प्रत्यय डोक्याला लागतो: 'शू शॉप्स', 'बस स्टॉप्स'. मराठीत आपण याबाबत मोकळे आहोत. कांदाभजी म्हणतो आणि कांदेपोहेही म्हणतो. म्हणूनच इंग्रजीची ही शिस्त आपल्या अंगवळणी पडायला वेळ लागतो.

इतकी कडक शिस्त की जे शब्द इंग्रजीत एरवी अनेकवचनातच सापडतात तेही इथे आपला शेवटचा 'एस' टाकून देतात. 'ट्राउझर्स' पण 'ट्राउझर पॉकेट'. 'पजामाज' हा शब्द तर आपल्याकडूनच तिकडे गेला आणि तिथे दोन पायांमुळे अनेकवचनी झाला. पण त्याच्यावरचा सदरा 'पजामा टॉप', एकवचनात.

नोटेचं उदाहरण मला सगळ्यात आवडतं, कारण ते खिशात असतं. दहाची नोट काढून बघा. तिच्यावर इंग्रजीत 'टेन रुपीज' छापलेलं आहे, अनेकवचनात. पण त्या नोटेला इंग्रजीत म्हणायचं 'टेन-रुपी नोट'. विसंगती वाटते, पण नाही. नोटेवर छापलेली ती रक्कम आहे: दहा रुपये, मोजलेले. 'टेन-रुपी नोट'मध्ये मात्र रुपये मोजायचे नाहीत, नोटेचा प्रकार सांगायचा आहे. नोट तर एकच आहे. मराठीत आपण 'दहा रुपयांची नोट' म्हणतो, तिथे 'रुपयांची' अनेकवचनीच असतं. तेच इंग्रजीत उतरलं की 'टेन रुपीज नोट' होतं, आणि स्पर्धा परीक्षांतल्या 'चूक शोधा' प्रश्नात हमखास हेच वाक्य बसतं. पंचवार्षिक योजना, जिच्यातली पहिली १९५१ मध्ये सुरू झाली, तीही 'फाइव्ह-इयर प्लॅन', 'इयर्स' नाही. 'हंड्रेड-मीटर रेस', 'टू-लिटर बॉटल', 'फोर-व्हीलर'. आणि 'ही इज फाइव्ह इयर्स ओल्ड' पण 'अ फाइव्ह-इयर-ओल्ड बॉय': वाक्याच्या मागच्या भागात मोजणी, नामाच्या पुढे प्रकार. दोन्ही एकाच मुलाबद्दल, एकाच वयाबद्दल.

मग 'स्पोर्ट्स डे', 'सेव्हिंग्ज अकाउंट', 'कस्टम्स ऑफिसर', 'गुड्स ट्रेन' यांत 'एस' का टिकला? इथे नीट बघितलं तर बऱ्याच ठिकाणी कारण सापडतं. 'एस' काढला की शब्दच बदलतो. 'गुड ट्रेन' म्हणजे चांगली गाडी, मालगाडी नव्हे. 'कस्टम' म्हणजे रूढी, 'कस्टम्स' म्हणजे जकात. 'आर्म' म्हणजे हात, 'आर्म्स' म्हणजे शस्त्रं, म्हणून शस्त्रस्पर्धा 'आर्म्स रेस'. आपलं सार्वजनिक बांधकाम खातं, सगळीकडे पीडब्ल्यूडी म्हणून ओळखलं जाणारं, 'पब्लिक वर्क्स डिपार्टमेंट' आहे. 'वर्क' म्हणजे काम आणि 'वर्क्स' म्हणजे बांधकामं. अशा शब्दांत 'एस' हा अनेकवचनाचा राहिलेला नाही, अर्थाचा भाग झालाय. सगळे अपवाद मात्र एवढे सरळ नाहीत. ब्रिटनमध्ये 'ड्रग्ज पॉलिसी' लिहितात, अमेरिकेत 'ड्रग पॉलिसी', आणि दोघांचं आपापल्या जागी बरोबर आहे. 'सेव्हिंग अकाउंट' मात्र कुठेच बरोबर नाही, कितीही ऐकू येत असलं तरी.

आणखी एक अपवाद स्वतंत्र लक्षात ठेवावा लागतो. 'वुमन डॉक्टर'चं अनेकवचन 'विमेन डॉक्टर्स', दोन्ही शब्द बदलतात. पण 'लेडी डॉक्टर'चं 'लेडी डॉक्टर्स', एकच बदलतो. 'मॅन' आणि 'वुमन' असे खुद्द व्यक्तीची ओळख सांगायला आले की ते वचनात डोक्याबरोबर चालतात. जुनी सवय आहे, तिला आज नियमाचा आधार शोधत बसण्यात अर्थ नाही.

या एकवचनाबद्दल एक प्रयोग सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. १९८५ मध्ये पीटर गॉर्डन या मानसशास्त्रज्ञाने तीन ते पाच वर्षांच्या इंग्रजी बोलणाऱ्या मुलांना विचारलं: अमुक खाणाऱ्याला काय म्हणाल? उंदीर खाणाऱ्या राक्षसाला मुलं 'माइस-ईटर' म्हणायला तयार होती, कारण 'माइस' हे अनेकवचन नियमाने न होता शब्दाच्या पोटातून बदलून होतं. पण घुशी खाणाऱ्याला मुलं 'रॅट्स-ईटर' म्हणाली नाहीत, 'रॅट-ईटर'च म्हणाली. नियमाने लागणारा 'एस' आत येऊ द्यायचा नाही, हे त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं. आणि 'माइस-ईटर'सारखे शब्द त्यांच्या कानावर क्वचितच पडलेले असणार. भाषेचा सांगाडा इतक्या लहान वयात इतका पक्का असतो, हे वाचल्यावर मला शिकवणं या कामाकडे बघण्याची नवी दृष्टी मिळाली.

मराठी माणसाची दुसरी मोठी अडचण आपल्या 'चा-ची-चे'मुळे होते. हा प्रत्यय आपला सर्वांत लाडका आणि सर्वांत उदार. 'चहाचा कप' घ्या. 'चहाचा कप धुऊन ठेव' म्हटलं तर कप रिकामा आहे. 'चहाचा कप पुढे केला' म्हटलं तर कप भरलेला आहे. दोन्हीकडे एकच 'चहाचा'. इंग्रजीत इथे दोन वाटा होतात. 'टीकप' म्हणजे चहासाठीचा कप, कपाटात ठेवलेला, कदाचित वर्षभर न वापरलेला. 'अ कप ऑफ टी' म्हणजे कपभर चहा, वाफाळणारा. 'मिल्क बॉटल' ही बाटली, 'अ बॉटल ऑफ मिल्क' हे दूध. 'मॅचबॉक्स' रिकामी असू शकते, 'अ बॉक्स ऑफ मॅचेस' असू शकत नाही. कुणी हॉटेलात 'टू टीकप्स' मागितले तर समजून घेऊन चहा येईल, पण मागितली आहेत ती भांडी.

तिसरी वाट 'ॲपॉस्ट्रॉफी एस'ची. 'डॉग फूड' म्हणजे कुत्र्यांसाठी बनवलेलं खाद्य, दुकानातली पिशवी. 'द डॉग्ज फूड' म्हणजे या कुत्र्याच्या वाट्याचं अन्न, मग ती पोळी का असेना. 'स्कूल बस' हा बसचा प्रकार. पिवळी, मुलांना ने-आण करणारी. 'द स्कूल्स बस' म्हणजे त्या शाळेच्या मालकीची बस, जी भाड्याने लग्नाच्या वऱ्हाडालाही जाऊ शकते. प्रकार सांगायचा तर नुसतं नाम. मालकी किंवा एखाद्या ठरावीक गोष्टीचा संबंध सांगायचा तर 'एस'. ही रेषा सगळीकडे स्वच्छ आखलेली नाही. 'काऊज मिल्क' म्हणजे गाईचं दूध हा प्रकारच आहे, तरी तिथे 'एस' रुळला. 'चिल्ड्रन्स हॉस्पिटल'मध्येही तसंच. पण लिहिताना अडलो तर 'मी प्रकार सांगतोय की मालकी?' हा प्रश्न बहुतेक वेळा वाट दाखवतो.

नाम असताना त्याच्यापासून झालेलं विशेषण घेऊन बसणं ही चूकही याच घराण्यातली. 'म्युझिक टीचर' संगीत शिकवतो. 'म्युझिकल' म्हटलं की त्याच्या अंगी संगीत आहे, तो शिकवत भूगोल असेल. 'हेल्थ सेंटर' म्हणजे आरोग्य केंद्र, 'हेल्दी सेंटर' म्हणजे निरोगी केंद्र. 'ब्यूटी पार्लर' आणि 'ब्यूटिफुल पार्लर' यांतला फरक कुणालाही सांगायला नको. 'गोल्ड रिंग' सोन्याची असते, 'गोल्डन' शब्द आता जास्त करून रंगाला आणि संधीला लावतात. विशेषण गुण सांगतं. नाम संबंध सांगतं.

बोलण्यातल्या जोराविषयी आपल्याकडे जवळजवळ कुणीच सांगत नाही, म्हणून थोडं सविस्तर. 'इंग्लिश टीचर' हे दोन शब्द दोन तऱ्हांनी म्हणता येतात. 'इंग्लिश'वर जोर दिला तर इंग्रजी विषय शिकवणारा शिक्षक, तो मग सांगलीचा असो की सोलापूरचा. 'टीचर'वर जोर दिला तर इंग्लंडचा माणूस, जो गणितही शिकवत असेल. पहिल्या वेळी 'इंग्लिश' हे भाषेचं नाव, नाम. दुसऱ्या वेळी विशेषण. साधारणपणे प्रकार सांगणाऱ्या जोडीत जोर पहिल्या नामावर पडतो: 'स्कूल बस', 'टूथब्रश', 'बस स्टॉप' यांत पहिला शब्द ठाशीव म्हणायचा. कशाचं बनलंय हे सांगणाऱ्या जोडीत तो दुसऱ्यावर सरकतो: 'स्टोन वॉल'मध्ये 'वॉल', 'कॉटन शर्ट'मध्ये 'शर्ट'. आणि मग काही गोष्टी निव्वळ रूढीच्या. लंडनमधल्या 'ऑक्सफर्ड स्ट्रीट'मध्ये जोर 'ऑक्सफर्ड'वर. पण 'ऑक्सफर्ड रोड' म्हणताना तो 'रोड'वर जातो. इंग्रजीत 'स्ट्रीट'ने संपणाऱ्या नावांत जोर पुढे आणि 'रोड', 'ॲव्हेन्यू'ने संपणाऱ्यांत मागे, असंच चालत आलंय. मराठीत जोर बदलून शब्दाचा अर्थ सहसा बदलत नाही, त्यामुळे आपण दोन्ही शब्द सारख्याच वजनाने बोलतो. म्हणून ऐकण्याचा सराव करताना या जोड्या मुद्दाम टिपाव्यात.

दोन नामांवर थांबलं असतं तर हा विषय सोपा होता. पण ती एकामागे एक कितीही बसू शकतात. 'मेटल वॉटर टँक' आणि 'वॉटर टँक क्लीनर' या दोन तिहेरी जोड्या शेजारी ठेवा. पहिलीत 'वॉटर टँक' ही आधी एक गोष्ट झाली आणि तिला 'मेटल' लागला: पाण्याची टाकी, धातूची. दुसरीतही 'वॉटर टँक' आधी एकत्र आले, पण ते दोघं मिळून 'क्लीनर'ला लागले: टाक्या साफ करणारा. तीन शब्दांची बांधणी दोन तऱ्हांनी होऊ शकते, चारांची पाच, पाचांची चौदा. निविदांच्या जाहिरातींत असतं तसं 'वॉटर सप्लाय पाइपलाइन रिपेअर वर्क टेंडर नोटिस' घेतलं तर सात शब्द झाले, आणि नुसत्या गणिताने त्यांच्या १३२ बांधण्या होतात. वाचणारा त्यातून एकच निवडतो, तीही क्षणात, कारण तो शेवटापासून मागे जातो: सूचना, कसली? निविदेची. निविदा कशाची? कामाची. काम कसलं? दुरुस्तीचं. दुरुस्ती कशाची? वाहिनीची. वाहिनी कसली? पाणीपुरवठ्याची. मराठीत हे सगळे 'चा-ची' उघड उच्चारावे लागतात, इंग्रजीत मनात. स्वतः लिहिताना मात्र अशी माळ ओवू नये असं माझं ठाम मत आहे. तीन नामांपुढे गेलं की एखादा 'ऑफ' किंवा 'फॉर' घालून ती तोडावी. वाचणाऱ्यावर उपकार होतात.

वर्तमानपत्रांना ते परवडत नाही. मथळ्यात जागा कमी, म्हणून छोटे शब्द गाळून नामं खेटून ठेवायची ही इंग्रजी पत्रांची जुनी रीत. तिच्यातून एक प्रसिद्ध घोटाळा २००९ मध्ये झाला. जपानमधल्या एका इंग्रजी मथळ्यात बातमी होती एका व्हायोलिनवादक मुलीची. तिचे वडील १९८५ च्या जपान एअरलाइन्सच्या विमान अपघातात गेले होते, आणि आता ती कलेत बहरत होती. मथळा होता 'व्हायोलिनिस्ट लिंक्ड टू जेएएल क्रॅश ब्लॉसम्स'. शेवटचा शब्द क्रियापद आहे: बहरते. पण 'क्रॅश'पाठोपाठ 'ब्लॉसम्स' आल्यावर इंग्रजी वाचकाच्या मनाने त्यांची जोडी लावून टाकली, आणि 'अपघात-बहर' नावाची ही काय भानगड, म्हणून सगळे बुचकळ्यात पडले. तेव्हापासून अशा दुहेरी अर्थाच्या मथळ्यांना 'क्रॅश ब्लॉसम' हेच नाव पडलं. इंग्रजी मथळा कळेनासा झाला की आधी त्यातलं क्रियापद शोधावं. नामासारखा दिसणारा एखादा शब्दच बहुधा क्रियापद निघतो.

राहता राहिलं लिहिणं: जोडून, तोडून की हायफन देऊन? 'टूथब्रश' जोडून, 'बस स्टॉप' तोडून, आणि का, याला पक्कं उत्तर नाही. जोडी जितकी वापरात मुरते तितकी ती जवळ येत जाते, इतकंच. 'टुडे' आणि 'वीकेंड' एकेकाळी हायफन देऊन लिहीत. २००७ मध्ये ऑक्सफर्डच्या दोन खंडांच्या इंग्रजी कोशाची सहावी आवृत्ती निघाली, तिने सुमारे १६,००० शब्दांमधले हायफन काढून टाकले. 'आइस क्रीम' सुटं झालं, 'बंबलबी' जोडलं गेलं. त्यामुळे शंका आली की एक चांगला कोश धरावा आणि त्याच्याबरोबर राहावं. पण संख्या आली की हायफन ठेवावाच: 'टेन-रुपी नोट', 'फाइव्ह-इयर प्लॅन'. आणि जिथे विशेषण नेमकं कुणाचं हे त्याच्यावर ठरतं तिथेही. 'स्मॉल-बिझनेस लोन' म्हणजे छोट्या धंद्याला दिलेलं कर्ज, मग ते पन्नास लाखांचंही असेल. हायफन काढला की कर्जच छोटं आहे असंही कुणी वाचू शकतं, आणि बँकेच्या कागदावर तेवढा फरक पुरेसा असतो.